गुरुजी, तुमची फाईल उघडली

गुरुजी,

गुरुवारी काकूंनी मला एक प्रश्न विचारला. तुम्हाला मातीत ठेवून नऊ दिवस झाले होते. तुमच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, कुणीतरी चहा ओतत होतं. काकू आतून तुमचं चष्म्याचं घर घेऊन आल्या. त्यात चष्मा नव्हता, पेनड्राइव्ह होता. तो माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "हे तुला द्यायचं हुतं त्यांना. आन मला एक सांग स्नेहल, खरं सांग. आता हे गेले, तर माझं नाव बी जानार का गं यादीतून? नाव गेलं तर मला ह्यांच्या शेजारी जागा देतील का?"

ओट्यावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यात माझी आईही होती. मी म्हणाले, "असं कसं जाईल काकू, काहीतरीच काय." पण गुरुजी, मला खात्री नव्हती. आणि हा प्रश्न त्यांना का पडला, तेही मला पक्कं ठाऊक होतं. मीच पाडला होता तो. तुमच्याच देखत, ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर, गेल्या वर्षी.

दफनभूमीत जागा थोडी उरली म्हणून कमिटीनं ठराव केला, की सभासद यादीत नाव असेल त्यालाच तिथं जागा. यादी पक्की होते वार्षिक सभेच्या रविवारी, तुमच्या हजेरीनंतर. तो रविवार तीन दिवसांवर आला होता. यादी माझ्या सॉफ्टवेअरमधून निघणार होती आणि हजेरी घ्यायला तुम्ही नव्हता.

मी काय काम करते हे तुम्ही सगळ्या गावाला फार अभिमानानं आणि सपशेल चुकीचं सांगायचात. "आमची स्नेहल नगरला कॉम्प्युटर बनवते." कॉम्प्युटर नाही हो गुरुजी. आमची बारकी कंपनी आहे, ख्रिस्ती मंडळ्यांच्या सभासद नोंदीचं सॉफ्टवेअर करते. पाळकसाहेबांकडे, सेक्रेटरींकडे एक्सेलच्या फायली असतात. त्या फायलीतली माणसं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये न सांडता आणायची, ते इम्पोर्टचं काम माझं. म्हटलं, पहिली आपल्याच मंडळीची फाईल घेऊ. आपल्या घरची, सोपी. सोपी! तुमची फाईल!

त्यात माझीही चूक होतीच. तुम्हाला एक्सेल शिकवलं कुणी? मीच. तुम्ही रिटायर झालात त्या मे महिन्यात, तुमच्याच पडवीत. "ह्या चौकोनाला सेल म्हणतात," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "घर म्हन की. एका घरात एक मानूस." मग दोन सेल जोडून एक करता येतात हे कळल्यावर तुम्ही लहान पोरासारखे हसलात. "म्हंजे मधली भिंत पाडायची? भावाभावांनी असं केलं असतं तर तालुक्याचं कोर्ट बंद पडलं असतं." त्यानंतर तुम्ही दिसेल ती भिंत पाडत सुटलात. जुन्या जाड रजिस्टरातली सगळी मंडळी एका बोटानं टाईप करून तुम्ही त्या फायलीत आणलीत, आणि आणलीत ती रजिस्टरात होती तश्शीच. वर कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव, गाव, पत्ता. खाली बायको, मुलं, सुना, नुसती नावं. त्यांच्यापुढे आडनावाच्या घरात, पत्त्याच्या घरात, सगळीकडे एकच शब्द. वरीलप्रमाणे.

पहिल्यांदा इम्पोर्ट केलं तेव्हा फाईल वरपासून खालपर्यंत लालभडक झाली. तुम्ही जिल्हा अहमदनगर लिहिलेला, सॉफ्टवेअरच्या जिल्ह्यांच्या यादीत अहिल्यानगर. सॉफ्टवेअरनं एकही माणूस आत घेतला नाही. फोनवर सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "नाव सरकारनं बदललं, घरं जाग्यावरच हायेत. त्याला म्हनावं आत घे गुमान." ते मी दुरुस्त केलं. मग मंडळी आत आली, पण अर्ध्याहून जास्त लोकांच्या पत्त्यावर गाव आलं 'वरीलप्रमाणे'. नेवाशाचे चार, पुणतांब्याचे तीन, बाकी सगळे मुक्काम पोस्ट वरीलप्रमाणे. मी अकारविल्हे लावायला गेले आणि पोरं आईबापांपासून पार लांब जाऊन पडली. मी चिडले. तुम्हाला म्हटलं, "गुरुजी, प्रत्येक ओळीत पूर्ण पत्ता लिहायचा. मशीनला वरचं-खालचं कळत नाही."

"चौथीतल्या पोराला कळतं," तुम्ही म्हणालात.

"मशीन चौथी पास नाही."

"मग तिला आधी चौथीत घाल. मानसानं का बदलायचं?"

हे आपलं भांडण. किती महिने चाललं ते! तुम्ही म्हणायचात, मशीन माणसासाठी आहे, तिनं वाकावं. मी म्हणायचे, थोडं माणसानं वाकलं तर कुणाची कंबर मोडत नाही. मजा यायची खरं तर. नगरच्या ऑफिसात माझ्याशी इतकं मुद्द्यावर भांडणारं कुणी नाही.

शेवटी मी एक जुगाड केला. ज्याच्यापुढे 'वरीलप्रमाणे' आहे त्याला त्याच्या कुटुंबप्रमुखाशी बांधून टाकलं. झकास चाललं. कंपनीत शाबासकी मिळाली. आणि त्यात मी माझ्या मनानं एक नियम घातला. कुटुंबप्रमुख मयत असेल तर ते कुटुंब बंद धरायचं, यादीत छापायचं नाही. मला वाटलं, नवरा गेला की बायकोची किंवा मुलाची वेगळी नोंद होतच असेल. बाकीच्या मंडळ्यांत होतेही. तुमच्या फायलीत होत नव्हती. तुम्ही गेलेल्या माणसाच्या नावापुढे 'मयत' लिहायचात आणि त्याला त्याच्या जागेवरून हलवायचा नाहीत. बायको त्याच्या खाली, जशी होती तशीच.

आता ती हजेरी. दुसऱ्या कुठल्या मंडळीत अशी पद्धत असेल असं मला वाटत नाही. वार्षिक सभेला उपासना झाली की तुम्ही वेदीपाशी उभे राहायचात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि शाळेतल्यासारखं एकेक नाव घ्यायचात. म्हातारी माणसंसुद्धा उठून "हजर" म्हणायची. कुणी पुटपुटलं की तुमचं ठरलेलं, "मोठ्यानं! भिंतीला ऐकू आलं पाहिजे." सगळं मंदिर हसायचं. शेवटी स्वतःचं नाव स्वतःच घ्यायचात आणि स्वतःच "हजर" म्हणून ओरडायचात.

गेल्या वर्षी छापील यादी मी तुमच्या हातात दिली उपासनेच्या पाच मिनिटं आधी. नगरहून एसटी उशिरा आली होती. तुम्ही ती न वाचता घेतलीत.

तुम्ही नावं घेत गेलात. मी मागच्या बाकाशी उभी राहून अक्षर लांबून वाचता येईल इतकं मोठं आहे की नाही ते बघत होते. हो, मी अक्षर बघत होते! पुढच्या बाकावर गोदाक्का दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून तयार बसलेल्या. त्यांचा नंबर पुढे निघून गेला. त्या थोडं थांबल्या, मग उठल्या. "गुरुजी, माझं नाव न्हाई घेतलं." तुम्ही यादीत बघितलं. बोटानं खाली आलात, वर गेलात. मग चष्मा काढून सगळ्या मंदिरावर नजर फिरवलीत आणि म्हणालात, "बायका कुठं गेल्या?"

कुणाला काही समजेना. पण तुम्हाला समजलं होतं. जिचा जिचा नवरा गेला होता ती प्रत्येक जण त्या यादीतून गेली होती. गोदाक्का तिथंच उभ्या राहून विचारत होत्या, "म्हंजे आता मला ह्यांच्याजवळ जागा न्हाई का?" आणि त्यांना कुणी बसा म्हणेना.

बाहेर पायरीवर तुम्ही मला गाठलंत. आवाज चढवला नाहीत. "तू दिलीस म्हनून मी वाचली न्हाई," एवढंच म्हणालात. आणि मग हळूच, "तुझ्या आईचं नाव बी न्हाई गं त्यात."

मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला राग आला. लोक बघत होते, कमिटीचे दोघं हसत होते, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मग तुमची फाईल नीट ठेवा! वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे! कोणाप्रमाणे? वरचा तर मेलाय!"

गोदाक्का मागेच होत्या. काकू होत्या. आई होती.

तुम्ही यादीची चार घड्यांची घडी घातलीत, खिशात ठेवलीत आणि घरी गेलात. ती यादी रद्द झाली, जुन्या रजिस्टरावर वर्ष निभावलं. पण ते वाक्य काही रद्द झालं नाही. त्यानंतर आपण भेटलो की तुम्ही "जय ख्रिस्त" म्हणायचात, मी "जय ख्रिस्त" म्हणायचे, आणि दोघं आपापल्या वाटेला. मला वाटलं, म्हातारा रुसला. रुसू दे. अख्खं वर्ष मी 'सॉरी' हा दोन अक्षरी शब्द गिळून बसले. चौथीत पाढे चुकले की तुम्ही माझा कान धरायचात आणि मधल्या सुट्टीत तुमच्या डब्यातला लाडू द्यायचात. कॉलेजच्या फॉर्मवर माझ्या वडिलांच्या आजारपणात सही कुणाची होती? तुमची. आणि मी रुसवा मोजत बसले, काय म्हणावं मला!

पण मी नुसती बसले नव्हते, गुरुजी. तुम्हाला सांगायचं राहिलं. मी मशीनला चौथीत घातलं. आता इम्पोर्ट करताना 'वरीलप्रमाणे' दिसलं की सॉफ्टवेअर आधी वरच्या ओळीतला पत्ता, आडनाव खाली उतरवून घेतं, मगच बाकीचं काम करतं. समजलं नाही तर लाल होत नाही, विचारतं, "हे कोणाप्रमाणे?" पाडलेल्या भिंती परत बांधून घेतं. जुना जिल्हा चालतो. आणि तो कुटुंब बंद करायचा नियम मी काढून टाकला. माझ्या मनात होतं, या वर्षीच्या हजेरीला लॅपटॉप तुमच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, घ्या, वाकली मशीन.

आणि तुम्ही? तुम्ही काय करत होतात ते मला शनिवारी दुपारी तुमच्या पडवीत कळलं.

काकू शेजारी बसल्या होत्या. मी तुमचा पेनड्राइव्ह लावला, फाईल उघडली आणि बघतच राहिले. 'वरीलप्रमाणे' कुठंच नव्हतं. ओळीमागून ओळ पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. ज्यांचा नवरा गेला त्या सगळ्या बायकांची वेगळी कुटुंबं, त्या स्वतः प्रमुख. गोदाक्का, आई, सगळ्या.

"हे कधी केलं त्यांनी?"

"वर्षभर तेच," काकू म्हणाल्या. "वही घ्यायची आन निघायचं. एकेकीच्या घरी. मी म्हनायचे, अवो इथं बसून लिवा की, तुमाला काय ठावं न्हाई? तर म्हनायचे, न्हाई, तिच्या तोंडून आलं पाहिजे. उन्हातानाचं हिंडले. मी लई भांडले."

"माझ्यामुळं?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "आवडत हुतं त्यांना. चहा मिळायचा घरोघर." खरं बोलल्या की माझी समजूत काढली, मला अजून कळलेलं नाही.

म्हणजे मी मशीन वाकवत होते आणि तुम्ही स्वतः वाकत होतात. दोघांनी एकमेकांचं ऐकलं, आणि एकमेकांना सांगितलं मात्र नाही.

पूर्ण फायलीत एकच ओळ जुनी राहिली होती. तुमच्या नावाखालची. 'मार्था. वरीलप्रमाणे.'

"तुमचंच कसं राहिलं काकू?"

"सगळ्यांच्या घरी गेले," काकू म्हणाल्या, "सोताच्या घरी कोन जातंय इचारायला?"

मग मी तुमच्या नावापुढे 'मयत' लिहिलं. लिहिता येत नव्हतं, तीन अक्षरं आहेत, मला तीनदा पुसावी लागली. काकूंची ओळ मुद्दाम तशीच ठेवली. मला बघायचं होतं. तुमच्याच ओळीवर माझ्या वर्षभराच्या कामाची परीक्षा होणार होती. इम्पोर्ट केलं. पडद्यावर सगळी माणसं आली, काकूसुद्धा, पूर्ण पत्त्यासकट. मी सुटले. यादी छापायला लावली, कागद समोर आला, काकूंनी चष्मा लावून बोट फिरवलं, अगदी तुमच्यासारखं, आणि म्हणाल्या, "माझं कुठंय?"

नव्हतं.

पुन्हा छापलं. नव्हतं. काकू कागदाकडे बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मी म्हनलं हुतं." तेवढ्यावर मी ओरडलेच, "थांबा हो! थांबा जरा!" तुमच्या घरात, अकरा दिवसांच्या सुतकी घरात, मी ओरडले. मग सापडलं. तो मेला नियम मी इम्पोर्टमधून काढला होता, छापायच्या यादीत तो तसाच बसून होता. वर्षभर मी पडद्यावर बायका बघून खूश होत होते, कागद काढून बघितलाच नव्हता. तुम्ही काढला असतात. तुम्ही आयुष्यभर कागदच बघितलात.

नियम काढला. पुन्हा छापलं. काकूंचं नाव आलं. काकूंनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पण मला ते पुरेना. मी लॅपटॉप बाजूला सारला, तुमची वही मागितली आणि पान उलटून विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?" काकू लाजल्या. "अगं तुला ठावं न्हाई व्हय?" मी म्हटलं, "तुमच्या तोंडून आलं पाहिजे." मग त्यांनी सांगितलं. पुणतांब्याचा जन्म, गोदावरीच्या काठचं घर, वडिलांचं नाव, बाप्तिस्म्याचं वर्ष, पोहता यायचं तेही सांगितलं. त्याला रकाना नव्हता, तरी लिहून घेतलं. चहा दिला मला. तुम्हाला काय मिळत होतं घरोघर ते मला तेव्हा कळलं.

ते सगळं तुमच्या फायलीत भरायला गेले तेव्हा उजवीकडे शेवटचा रकाना दिसला. शेरा. शाळेच्या रजिस्टरात असतो तसा. फाईल उघडली तेव्हा तो पडद्याबाहेर राहिला होता, आणि माझं सॉफ्टवेअर ओळखीचे रकाने उचलतं आणि अनोळखी सोडून देतं, म्हणून तो मला आधी दिसलाच नव्हता. प्रत्येक बाईपुढे तुमचा शेरा. 'भेट झाली.' 'भेट झाली, गुडघा दुखतो.' गोदाक्कांपुढे, 'भेट झाली. जागेची खात्री दिली.' आईपुढे, 'भेट झाली. स्नेहलला सांगू नको म्हटले.'

आईच्या खाली माझं नाव होतं. गेल्या वर्षी बाबांच्या खाली मीही होते, म्हणजे गेल्या वर्षीच्या यादीतून मीही गेले होते, आणि मला पत्ताच नव्हता. माझं नाव नाही हे एकट्या तुम्हाला दिसलं असणार. आता माझी ओळ पूर्ण होती, भिंगारच्या खोलीच्या पत्त्यासकट. आणि पुढे शेरा होता.

'दोनदा गेलो. कुलूप होतं. परत जायचं.'

गुरुजी, दोनदा? नेवाशावरून एसटीनं नगर, तिथून रिक्षानं भिंगार, दोनदा? एक फोन नाही करता आला? मी आले असते हो. धावत आले असते. काकूंच्या देखत मी हमसून हमसून रडले आणि काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

आज रविवार. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, हजेरी कोण घेणार? काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी वेदीपाशी उभी राहिले. रात्रीतून काही बिघडलं नाही ना म्हणून यादी सकाळपासून चार वेळा वाचली होती. आधी या वर्षी प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं घेतली. त्यात तुमचं घेतलं. मग हजेरी. गोदाक्का माझ्या तोंडातून नाव पुरतं निघायच्या आत उठल्या, "हजर!" आई उठली. तिच्याखालचं माझं नाव मी तसंच सोडून पुढे गेले. एकेक करून सगळ्या उठल्या. कागदावर शेवटचं नाव काकूंचं होतं. मी ते पूर्ण घेतलं, मार्था, तुमचं नाव, आडनाव, आणि वर बघितलं. काकू उठल्या, पदर सारखा केला, आणि भिंतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हजर."

मी कागदाची घडी घालायला लागले. काकू बसल्याच नाहीत.

"शेवटचं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "हजेरी घेनाऱ्याचं."

मी माझं नाव घेतलं. "हजर" कसंबसं ओठांत आलं.

"मोठ्यानं," काकू म्हणाल्या.

मी मान वर केली आणि मोठ्यानं म्हटलं, "हजर, गुरुजी."